मिस्त्रीची दाढ

जहाज बंदरातून निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी मिस्त्रीची दाढ ठणकायला लागली. समुद्र खवळलेला, निम्मी माणसं बादल्या धरून बसलेली, आणि हा गडी एका गालाने जेवत होता. जहाज बर्फाच्या कडेपर्यंत जाणार, तिथून पुढे छोटं विमान चार-चार माणसांना संशोधन केंद्रावर पोचवणार. वर्षभर तिथे राहायचं. केंद्रातली जनरेटरची दोन्ही इंजिनं बारा वर्षांपूर्वी मिस्त्रीनेच बसवली होती. पन्नाशीनंतर कुणाला घेत नाहीत आणि त्याला पन्नासावं चालू होतं. यंदा नाही तर कधीच नाही.

त्याच्या खोलीत केंद्रावर जाणारा रेडिओवाला होता. दहा वर्षांची दोस्ती. मिस्त्रीच्या घरी तो कधीही यायचा आणि वहिनींनी वाढलेलं हक्काने जेवायचा. निघताना मिस्त्रीच्या बायकोने धक्क्यावर त्यालाच सांगितलं होतं, "भाऊजी, ह्यांच्याकडे लक्ष ठेवा. दुखलं-खुपलं तर सांगायचे नाहीत." भाऊजींनी छातीवर हात ठेवून मान डोलावली होती.

त्यामुळे दाढेची गोष्ट मिस्त्रीने फक्त त्यालाच सांगितली. डॉक्टरला सांगावं का, असंही विचारलं. रेडिओवाल्याने आधी दार लावून घेतलं.

"वेडा आहेस का दादा? यादीतून सरळ नाव काढतील. मूग गिळून गप्प बस."

मिस्त्रीला ते पटलं. बारा वर्षांपूर्वी दाढेपायी एकाला परत पाठवलेलं त्याने स्वतः पाहिलं होतं. रेडिओवाल्याने त्याला लवंगा आणून दिल्या, वेदनेच्या गोळ्या मिळवून दिल्या. सख्खा भाऊ काय करेल, असं मिस्त्रीला वाटलं. त्याची परतफेड म्हणून, रेडिओवाल्याचा मेहुणा राखीव मिस्त्री म्हणून जहाजावर होता, त्याला रोज दुपारी दोन तास शिकवणं सुरू झालं. "शिकव ना दादा, बिचारा कुठेतरी लागेल," असं रेडिओवाल्याचंच म्हणणं होतं. मिस्त्रीने हातचं काही राखलं नाही. कागदावर काढून, नटबोल्ट हातात देऊन शिकवलं. इंजिनांची एखाद-दुसरी खोड तेवढी 'तिथे गेल्यावर दाखवू' म्हणून राहिली.

पंचविसाव्या दिवशी बर्फाची कड आली. हवामान उघडलं होतं आणि मोसमातली शेवटची फेरी होती. विमानात चढण्याआधी प्रत्येकाला सामानासकट काट्यावर उभं करतात, कारण किलोकिलोचा हिशेब असतो. मिस्त्री जाडे कपडे घालून, पिशवी खांद्याला लावून रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा यादी धरलेल्या माणसाने मान वर न करता त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि मेहुण्याला पुढे बोलावलं.

मिस्त्रीने पिशवी खाली ठेवली. रेडिओवाला आधीच विमानात जाऊन बसला होता. खिडकीतून तो पलीकडच्या बाजूला बघत होता. तिकडे पांढऱ्या बर्फाशिवाय बघण्यासारखं काहीच नव्हतं.

विमान गेल्यावर डॉक्टरने मिस्त्रीला खुर्चीत बसवून दहा मिनिटांत दाढ उपटली आणि वर चिडून बोलायला लागला. "लपवलीत कशाला? तिसऱ्या दिवशी आला असतात तर तेव्हाच काढली असती. जखम भरायला पंधरा दिवस पुरतात. आरामात गेला असतात. आज काढून लगेच पाठवता येत नाही."

"नाव काढतात ना?"

"तो नियम जुना झाला. तुमच्या दोस्ताला विचारायचं होतं. निघायच्या आधी मीच त्याची दाढ काढली, हे सगळं त्याला समजावूनसुद्धा सांगितलं. आज सकाळी तोच आला ना तुमचं सांगायला. म्हणाला, आता राहवत नाही."

लवंगा देणाऱ्याने केसाने गळा कापला होता. मिस्त्रीला त्याहून जास्त झोंबलं ते हे, की गळा कापणाऱ्याच्या मेहुण्याला आपणच हौसेने शिकवून तयार केलं होतं.

जहाज परतीला लागल्याच्या चौथ्या दिवशी कप्तानाने त्याला रेडिओच्या खोलीत बोलावलं. केंद्रावर पहिलं इंजिन बंद पडलं होतं आणि दुसरं काही केल्या सुरू होत नव्हतं. आतलं पाणी गोठायला आलं होतं.

"दादा, ऐकतोयस ना?" पलीकडून, बॅटरीवरच्या रेडिओवरून, रेडिओवाल्याचा आवाज आला.

"माइक मेहुण्याकडे दे."

मेहुणा आल्यावर मिस्त्रीने सावकाश सांगितलं, "दुसऱ्या इंजिनाच्या तेलाच्या नळाचा दांडा मी उलटा बसवलाय, तेव्हा दुसरा मिळाला नव्हता. आडवा झाला की तेल चालू. आधी आडवा कर, मग पंप मारून नळीतली हवा काढ." ही राहिलेल्या खोडींतलीच एक. सांगताना एकदा त्याच्या जिभेवर आलं होतं, की थोडे कुडकुडा आता. पण तिथे आणखी दहा माणसं होती, त्यांनी त्याचं काय वाकडं केलं होतं?

वीस मिनिटांनी स्पीकरमधून इंजिनाची घरघर ऐकू आली. आवाज मिस्त्रीच्या ओळखीचा होता.

मग परत रेडिओवाला बोलला. "दादा, चुकलं माझं. वहिनींना... घरी काय सांगशील?"

"दाढ दुखत होती, एवढं मी सांगेन," मिस्त्री म्हणाला. "लपवायला कुणी सांगितलं, ते तू सांग. तिने लक्ष ठेवायला तुला सांगितलं होतं."

त्याने माइक कप्तानाच्या हातात दिला आणि तो खाली जेवायला गेला.