चौकटीतले तारे

ऑफिसात त्याला सगळे अंधारे म्हणत. खरं आडनाव भलतंच होतं, पण ज्याला अंधार मोजायचा पगार मिळतो त्याला दुसरं काय म्हणणार? चंद्र नसलेल्या रात्री तो राखीव जंगलाच्या पार टोकाला जायचा, मुठीएवढं यंत्र आकाशाकडे धरायचा आणि आकडा वाचायचा. आकडा जितका मोठा, तितका अंधार गाढ. डोंगरापलीकडचं शहर दिव्यांनी फुगत चाललं होतं आणि आकडा वर्षागणिक उतरत होता. घरातलं कुणी खंगत जावं तसं त्याला त्याचं वाईट वाटायचं.

यंत्राच्या जोडीला डोळ्यांचीही मोजणी असे. डोक्यावर चार ठळक ताऱ्यांची मोठी चौकट येते. तिच्या आत बारीक तारे किती दिसतात ते मोजायचं. गेल्या वर्षापासून या कामाला तो लेकीला बरोबर नेऊ लागला होता. आधी तो आपला आकडा सांगायचा, मग ती, आणि तिचा नेहमी एकाने जास्त भरायचा. "कोवळे डोळे आहेत, दिसणारच," हे तो ऑफिसात ज्याला त्याला ऐकवायचा. लोकांनी तरी किती वेळा ऐकायचं?

घरात मात्र तिचं नाव धडपडी पडलं होतं. दिवस कलला की हिची पायरी चुकलीच, कपाळ दारावर आपटलंच. आई म्हणायची, हिचे डोळे दाखवून आणू या. त्यावर बापाचं उत्तर ठरलेलं होतं. "शाळेत तपासले की. शेवटची ओळ घडाघडा वाचली तिने. अगं, वेंधळी आहे, माझ्यावर गेलीय." आणि विषय तेवढ्यापुरता मिटायचा.

त्या संध्याकाळी दोघं टोकाला पोचली. जीपमधून उतरल्यावर ती त्याच्या शर्टाचं टोक धरून चालली. त्याला ती माया वाटायची, आणि असेलही थोडी. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास तरी लागतो, म्हणून दोघं ताडपत्रीवर एकमेकांकडे तोंड करून गप्पा मारत पडून राहिली. मग तो उठला आणि त्याने जाकीट डोक्यावरून ओढून घेतलं, यंत्राचं तोंड तेवढं बाहेर आकाशाकडे ठेवलं. यंत्रातल्या आकड्यांचा लाल उजेड लेकीच्या डोळ्यांवर पडायला नको.

"लाग मोजायला," तो आतून म्हणाला. "आज आधी तू सांग."

पहिलाच आकडा बघून तो चाट पडला. इतका गाढ अंधार इथे कधीच मोजला गेला नव्हता. पुन्हा मोजलं, तर आकडा आणखी चढला. झाकण काढायचं राहिलं की काय? झाकण तर खिशात होतं. तो हरखून जाकिटाबाहेर आला आणि त्याने वर पाहिलं.

वर काहीच नव्हतं. ते चार ठळक तारेसुद्धा नव्हते. शहरात ढग आले तर दिव्यांच्या उजेडात कळतात तरी. इथे ते काळ्यात काळे येतात आणि मुकाट्याने सगळं झाकून टाकतात.

शेजारी लेक तोंड वर करून बोटाने मोजत होती. "अकरा, बारा, तेरा. बाबा, तेरा."

त्याने पुन्हा एकदा वर पाहिलं, मग तिच्याकडे. बायको वर्षभर कानीकपाळी ओरडत होती, आणि हा गाढव ऑफिसात कोवळ्या डोळ्यांच्या फुशारक्या मारत हिंडत होता.

"चुकलं का?" तिने विचारलं. "मागच्या खेपेला तू बारा म्हणाला होतास, म्हणून..."

"म्हणून काय?"

"एक जास्त सांगितला की तू खूश होतोस."

मग तिनेच हळूच विचारलं, "तुला दिसतात?"

"आत्ता? नाही. एकही नाही."

हे खरंच होतं. पण तिचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे तूही नुसतंच म्हणतोस," ती म्हणाली आणि चक्क हसली. "मला वाटायचं, फक्त मलाच दिसत नाहीत. कधीच नाही दिसले." आणि ती त्याच्या दंडावर डोकं टेकून निवांत झाली.

ढगांचं सांगायला हवं होतं. तो शब्द जुळवत राहिला, आणि तेवढ्यात ढग पांगायला लागले. आधी चौकटीचा एक कोपरा दिसला, मग दुसरा, मग आतली सगळी बारीक गर्दी. लेक तिकडेच तोंड करून पडली होती, डोळे टक्क उघडे.

"आता?" तिने गमतीने विचारलं. "आता दिसतात का?"

उभ्या जन्मात त्याने एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. "नाही," तो म्हणाला. "उद्या आपण दोघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. आधी माझे दाखवू."

"घाबरलास?" तिने अंधारात चाचपडत त्याचा हात शोधला. "दुखत नाही रे काही. मी असेन ना तुझ्याबरोबर."