एकशे एकेचाळिसावी ओळ

मित्रांनो, माझे वय नऊ वर्षे आणि गेल्या महिन्यापर्यंत उंची एकशे चाळीस ओळी. मी एक जुनी बिल्ड फाइल आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या संगणकात माझे घर आहे.

ही कंपनी डायलिसिस केंद्रांसाठी काम करते. रुग्णाचे नाव, वजन, रक्तगट, खुर्चीचा क्रमांक हे सारे सिस्टरांना पडद्यावर दिसते. अशा शेकडो रकान्यांचा कोड हाताने लिहायचा तर माणसे थकतील आणि चुकतील. म्हणून मैथिली मॅडमनी रकान्यांची एक यादी केली. ती यादी वाचून एक प्रोग्रॅम आपणहून कोड लिहितो. त्या कोडपासून चालते सॉफ्टवेअर बनवणे म्हणजे बिल्ड. त्यात कशानंतर काय करायचे, हे मी सांगते.

जन्माच्या दिवशीच मी अकरा वेळा पडले. मी कोड जोडायला निघत होते, पण तो अजून लिहिलाच गेलेला नसे! मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी माझ्यात दोन ओळी घातल्या. पहिली सांगते, आधी जुना तयार कोड पुसा आणि यादीवरून नवा लिहून घ्या. दुसरी सांगते, तो ज्या फोल्डरमध्ये पडतो, ते फोल्डरही जोडणीत घ्या. बाराव्या वेळी हिरवी खूण उमटली. त्या दोन ओळी आजही माझा दागिना आहेत.

मॅडमचा एक नियम आहे. ज्याच्या हातून बिल्ड बिघडेल, त्याने कारण स्वतःच्या नावासह माझ्यात लिहायचे. संगणक अशा ओळी वाचत नाही, माणसे वाचतात. "घाईत एक कंस विसरलो. सुधीर." अशा सहा ओळी मी मानाने बाळगत होते. पुढे मात्र तीन वर्षे कोणी मला उघडलेही नाही. रोज सकाळी दहाला मी निमूट काम करीत राहिले.

गेल्या महिन्यात शहाडच्या केंद्रातून चित्रा सिस्टरांचा फोन आला. तिथे डायलिसिसला येणाऱ्या धोंडीबा काकांना एका इंजेक्शनची ॲलर्जी आहे. ते टोचले की त्यांचा श्वास अडकतो. "मला पाठ आहे रे, पण बुधवारपासून मी रजेवर. माझ्या जागी येणारी मुलगी नवीन आहे. स्क्रीनवर ॲलर्जीचा लाल चौकोन हवा."

"आज करून देतो, सिस्टर," दिपेश म्हणाला. तो डोंबिवलीचा, कंपनीत नवा आणि हाताचा चपळ. त्याने थेट तयार कोड उघडला, त्यात चौकोन लिहिला, स्वतःच्या संगणकावर पाहिला आणि कळवून टाकले, "झालं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी नेहमीप्रमाणे जुना कोड पुसला आणि यादीवरून नवा लिहून घेतला. चौकोन गेला. मंगळवारी पुन्हा फोन आला.

"दिपेश, झालं म्हणालास ना? कुठंय चौकोन? का काकांच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवू?"

मागून काकांचा आवाज आला, "चिकटवा, पण गोंदाची ॲलर्जी नाही ना ते बघा!"

दिपेशचे कान लाल झाले. "माझ्या मशीनवर चाललेलं, मॅडम. ही जुनी फाइल माझं काम पुसते. तिच्यातली ती पुसायची ओळ उडवतो."

"उडव," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मग शेजारी सुधीर यादीत नवा रकाना घालेल, तेव्हा तयार कोडमध्ये तुझं आणि त्याचं कसं जुळवशील? त्या कोडच्या डोक्यावर काय लिहिलंय, वाच जरा."

"'हा कोड आपोआप लिहिला जातो. इथे दुरुस्ती करू नका.' वाचलेलं, मॅडम. वाटलं, ते दुसऱ्या कुणासाठी असेल."

सुधीर मोठ्याने हसला. मग दिपेशही हसला. त्याने यादी उघडून एक ओळ घातली: ॲलर्जी, लाल चौकोन. मॅडमनी मला हाक दिली. मी पुसले, लिहून घेतले, जोडले. हिरवी खूण! त्या एका ओळीतून चौकोन सिस्टरांच्या पडद्यावर आला, डॉक्टरांच्या पडद्यावर आला आणि छापील चिठ्ठीवरही. हे मी केले, मित्रांनो, आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

संध्याकाळी दिपेशने माझ्यात लिहिले: "तयार कोडमध्ये हात घातला. दुरुस्ती यादीत करायची असते. दिपेश." ती माझी एकशे एकेचाळिसावी ओळ.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू आडवी आली असे वाटले, तर मोडण्याआधी ती काय राखते आहे ते बघा. आणि चूक जिथून येते, तिथेच ती दुरुस्त करा.

बुधवारी नव्या सिस्टरचा फोन आला. "इंजेक्शन बदललं, काका ठीक आहेत. पण म्हणतात, चौकोन मोठा करा, त्यांना खुर्चीतून वाचता येत नाही."

"करतो," दिपेश म्हणाला, आणि त्याने यादी उघडली.