पेटतोय की अजून!

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. जुना म्हणजे काय, अंगावर ओरखडासुद्धा नाही. बटण दाबलंत तर आजही लख्ख पेटेन. पण खरी गोम तिथेच आहे.

माझ्या उजेडाचे दोन भाग होते. एक तुम्हाला दिसतो तो. दुसरा अतिनील, कुणालाच न दिसणारा. खऱ्या उन्हात तो असतो, पण खिडकीची काच त्याला आत येऊ देत नाही. आणि तो नसेल तर घरात राहणाऱ्या कासवाची हाडं नि कवच मजबूत होत नाहीत. माझा सगळा तोरा त्याच्यावरच होता.

मला निवडलं कपडे शिवणाऱ्या एका आत्याने. तिच्या खिडकीसमोर उंच भिंत होती. दुकानदार तिला नुसती ऊब देणारा दिवा दाखवत होता. ती म्हणाली, "ऊब हवीच हो, पण आमच्या ढब्बूला ऊनही हवंय." मला कुणीतरी ऊन म्हटलं! मी हरखूनच गेलो.

ढब्बू म्हणजे तिचं कासव. सकाळी मी पेटलो की तो कौलाच्या तुकड्याखालून बाहेर यायचा, माझ्याखालच्या चपट्या दगडावर पाय पसरायचा आणि डोळे मिटायचा. शिवणयंत्र खडखडत असायचं, रंगीत चिंध्या जमिनीवर उतरायच्या. मला वाटायचं, आपण एका कुरणावर आलो आहोत, दुपार झाली आहे आणि ती आता संपणारच नाही.

चालती वस्तू टाकायची नाही, हा आत्याचा नियम. तिची कात्री, तिचा पंखा, सगळं तिच्याच वयाचं. मला पुसताना ती भाचीला सांगायची, "बघ गं, अजून कसा नव्यासारखा पेटतोय. गुणाचा आहे माझा दिवा!"

कौतुक कुणाला नको असतं? पण माझ्यातला न दिसणारा उजेड आटत चालला होता, आणि मला सांगायला तोंड नव्हतं. ढब्बू रोज माझ्याखाली येऊन मान वर करायचा. पुढे तो पोट घासत चालू लागला. पुढ्यातली पानं तशीच सुकू लागली. एक दिवस भाचीने त्याला उचललं आणि ती ओरडली, "आत्या, याचं कवच दबतंय गं!"

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी त्याला तपासलं, मग माझ्याकडे पाहिलं. "दिवा कधी बदलला होता?"

"बदलायचा कशाला? पेटतोय की अजून!"

"पेटतोय खरा, पण त्यातलं ऊन केव्हाच संपलंय. हे दिवे विझायच्या आधीच बदलावे लागतात."

आत्या लगेच दुकानात गेली. नवा दिवा आणून तिने मला उतरवलं, तेव्हा तिचे डोळे भरले होते. "दमला होतास होय रे? मला मेलीला कळलंच नाही," असं म्हणत तिने मला उरलेल्या मऊ कापडात गुंडाळलं आणि कपाटावर ठेवलं.

तिथून मी बघत राहिलो. औषधं झाली, कितीतरी दिवस गेले. ढब्बू वाचतो की नाही, या काळजीने माझा जीव टांगणीला लागला होता. मग एका सकाळी तो पोट उचलून, डुलत डुलत दगडापर्यंत चालत गेला. दुसऱ्याच दिव्याखाली त्याने पाय पसरले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याने डोळे मिटले आणि विझलेल्या माझ्यातही दुपार झाली.

मित्रांनो, मला जपून वापरा, असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा दिवा असेल, तर त्याचं कौतुक जरूर करा. आणि मग, तो पेटलेला असतानाच, त्याला खाली उतरवा.