फेर्नांची बाटली

होणाऱ्या व्याह्यांनी गाडी चालवता चालवताच सॉसेज संपवलं, एकेक बोट चाटून काढलं आणि त्याच हातानं गिअर टाकला. मागच्या सीटवर सोलांजला ते बघवेना. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि मांडीवरची टॉवेलात गुंडाळलेली बाटली आणखी जवळ ओढली.

"आई, डिकीत ठेव ना ती. तान्ह्या बाळासारखी काय धरून बसलीयस?" शेजारी बसलेली मारिएल म्हणाली.

"राहू दे. डिकीत व्याह्यांच्या बुटांचा वास येतो."

"हळू बोल गं."

पुढच्या सीटवर जावई व्हायचा तिबो फोनमध्ये डोकं घालून बसला होता. त्याला काही ऐकू गेलं नाही, हे बरंच झालं.

किळस सोलांजच्या पाचवीलाच पुजलेली. शाळेच्या खानावळीत पोरांची उष्टी ताटं धुण्यात तिचं आयुष्य गेलं, पण दुसऱ्याच्या पेल्याला ओठ लावायचा म्हटलं तर तिच्या अंगावर काटा यायचा. आणि नवरा कसा मिळाला, तर रँस शहरातल्या तळघरात शँपेनच्या बाटल्या फिरवणारा. रोज प्रत्येक बाटलीला जरासा पीळ द्यायचा, म्हणजे गाळ हळूहळू मानेत उतरतो. संध्याकाळी फेर्नां घरी यायचा तो बुरशीचा वास घेऊनच. ती त्याला दारातच कपडे उतरवायला लावायची. लग्न माझ्याशी केलंस की साबणाशी, असं तो विचारायचा, आणि उतरवायचाही बिचारा.

मारिएलच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, तिकडच्या रीतीप्रमाणे, त्यानं मुलीच्या लग्नासाठी एक बाटली घराच्या तळघरात आडवी ठेवली. बाटली किती फिरवली ते कळावं म्हणून कामावर ओढायचा तशी बाटलीच्या बुडाला चुन्याची एक रेघ ओढली. पोर शाळेत जायच्या आतच तो गेला. नंतर सोलांज तळघरात उतरली तर बाटलीवर ही करडी बुरशी आणि कोळिष्टकं. शी! माणसाची शेवटची वस्तू, आणि अशी घाणीत लोळतेय? तिनं ती वर आणली, धुतली आणि स्वयंपाकघरात खिडकीजवळ, त्याच्या फोटोखाली उभी केली. पुढे शार्लव्हिलला बिऱ्हाड हलवलं तरी तिची जागा खिडकीशीच राहिली. दर शनिवारी ती बाटली लख्ख पुसायची. चुन्याची रेघ तेवढी जपायची.

आता लग्न ठरल्याचं जेवण रँसलाच करायचं आणि बापाची बाटली तिथंच फोडायची, असं व्याह्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

रँसच्या कॅथेड्रलमध्ये सोलांजला मारिएलच्या बाप्तिस्म्याच्या जागी जरा उभं राहायचं होतं. व्याही तिथंही क्रोइसाँ खात आले. पापुद्र्यांचा चुरा फरशीवर पडत होता, आणि दगडी देवदूताकडे बघून ते म्हणाले की हा का हसतोय, ह्याला काय मूळव्याध नाही? सोलांजनं मेणबत्ती लावली आणि ती बाहेर आली.

तिथून सगळे फेर्नां काम करायचा ते शँपेनचं तळघर बघायला गेले. तो होता तोवर सोलांज इथं कधी उतरली नव्हती. पायऱ्या संपल्या आणि तोच वास नाकात शिरला, दारात उतरवलेल्या कपड्यांचा. दोन्ही बाजूंना बाटल्या आडव्या झोपलेल्या, अंगावर तीच करडी बुरशी. माहिती सांगणारी मुलगी म्हणत होती की बुरशी आम्ही मुद्दाम पुसत नाही. बाटलीला अंधार हवा, ओल हवी. उजेडात उभी ठेवली की बूच सुकतं आणि सगळं संपतं.

व्याह्यांनी चव बघायला दिलेला घोट तोंडात खळखळवला आणि बादलीत थुंकला. लाळेची तार हनुवटीवर लोंबत राहिली. सोलांजला ती दिसली, पण आज तिला कशाचंच काही वाटेना. ती त्या माहिती सांगणाऱ्या मुलीजवळ गेली.

"आणि कुणी तशी उजेडात ठेवलीच असेल तर? न कळून?"

"ठेवतात हो लोक, कपाटावर शोभेला. मग शोभेलाच राहू द्यायची."

बाहेर आल्यावर तिनं मारिएलला बाजूला घेतलं. ही आज नको, लग्नातच उघडू म्हणाली.

"आई, मी सांगून बसलेय त्यांना. त्यांच्याकडे सगळंच आहे गं. माझ्या बाबांचं एवढं एक तरी दाखवू दे मला."

सोलांजनं गाडीतून बाटली काढून आणली.

हॉटेलवाला व्याह्यांच्या ओळखीचा, त्यामुळे घरची बाटली चालली. फटाक्यासारखा आवाज होणार म्हणून तिबो कानावर हात ठेवून हसत होता. बूच आवाज न करता निघून आलं. पेल्यात पडलं ते चहाच्या रंगाचं, बुडबुडा नाही, आणि टेबलावर शिळ्या कोबीचा वास पसरला. व्याह्यांनी घोट घेतला आणि बर्फाच्या बादलीत थुंकून टाकला.

"विहीणबाई, पिऊ नका. पार नासलीय." त्यांनी तोंड पुसलं. "तळघरातला माणूस ना तो? त्याला एक बाटली धड ठेवता येऊ नये?"

मारिएलची मान खाली गेली.

"त्यानं धडच ठेवली होती," सोलांज म्हणाली. "मी नासवली. मला बुरशीची किळस आली. वर आणून उजेडात उभी केली, आणि रोज तिच्याकडे बघत बसले."

दुसरी मागवतो म्हणत व्याह्यांनी उरलेली बादलीत ओतायला बाटली उचलली. सोलांजनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. तेवढ्यात मारिएलनं आपला पेला उचलला आणि तोंड वाकडं न करता एका दमात संपवला. मग तोच आईसाठी भरला. सोलांज तो प्याली, आणि तिबोपुढचा न उष्टावलेलाही. बाटली रिकामी झाली.

व्याह्यांच्या पेल्यात अजून अर्धं होतं. काचेवर त्यांचे तुपकट ओठ उमटले होते. सोलांजनं तो पेला जवळ ओढला आणि तेही शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं.

परतीच्या वाटेवर शार्लव्हिल जवळ आलं तेव्हा मारिएलनं आईकडे पाहिलं. सोलांजनं टॉवेल काढून टाकला होता. रिकामी बाटली तिनं मांडीवर आडवी निजवली होती, आणि तिचं बोट चुन्याच्या रेघेवर होतं.