रूळ ऐकणारा माणूस

“डॅड, मागचा बोल्ट. तो पुन्हा वाजव.”

डॅडनं वळून पाहिलं नाही. पुढच्या फळीवर वाकून त्यानं हातोडी मारली आणि तो पुढे सरकला. मी रुळाखालच्या वाटेवर बाबागाडी धरून उभी होते. आता ओरडले, तेव्हा कुठे त्यानं खाली पाहिलं.

“काय गं? पोरगी रडतेय?”

“नाही. मागचा बोल्ट ठप्प वाजला.”

“वारा असेल.”

तरी तो मागे गेला. पाना लावला. पाना सहज अर्धा फेरा फिरला.

फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या आमच्या लँकशरच्या किनाऱ्यावर कुणी फिरकत नाही. चिप्सची दुकानं फळ्या ठोकून बंद असतात, गोल फिरणारे घोडे ताडपत्रीखाली. याच दिवसांत करमणूक-बागेतल्या शंभर वर्षं जुन्या लाकडी रोलरकोस्टरच्या रुळावरून माझा बाप, विल्फ ऑर्मरॉड, पायी चालतो. चव्वेचाळीस हिवाळे चालतोय. रूळ तपासायचा असं इथं कुणी म्हणत नाही, ऐकायचा म्हणतात. घट्ट बोल्ट टण्ण वाजतो, सैल ठप्प. ईस्टरला फाटक उघडलं की त्याच्या कानाच्या भरवशावर शेकडो पोरं हात वर करून किंचाळत उतरतात.

मी माझ्या तान्ह्या नेलला घेऊन आठवडाभर माहेरी आले होते. आठ महिन्यांत माझे कान कुत्र्यासारखे झालेत. तिचा श्वास जरा बदलला तरी मी उठून बसते. डॅड त्यावरून चिडवायचा, “तुला शेजारच्या मांजरीचं घोरणंही ऐकू येत असेल!” आणि जेवताना मी विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर द्यायचा. मला वाटायचं, लक्ष नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“मागचा हिवाळा ठीक गेला.” तो खाली उतरला. “म्हणजे, बराचसा.”

“डॅड.”

“ऑफिसात डोरीनला सांगू नकोस, राणी. मी हातानं ओळखतो. लाकूड हाताला कळतं.”

“हा बोल्ट नाही कळला.”

त्यानं नाक पुसलं. मग म्हणाला, “सोमवारी मोठा चढ ऐकला मी. सगळा.”

मी नेलला ऑफिसात नेलं. बागेची मॅनेजर डोरीन थ्रेलफॉल चार दिवस तिला सांभाळायला मागत होती आणि मी काही ना काही सांगून टाळत होते. आता दुधाची बाटली तिच्या हातात दिली, तीन सूचना दिल्या, चौथी गिळली आणि बाहेर आले. डॅडनं मला सुरक्षेचा पट्टा बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली.

“तुझी आई असती तर तिनं मला समुद्रात ढकललं असतं.”

“आधी मला झापलं असतं. चल.”

तो हातोडी मारायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. मी मान हलवायचे. टण्ण. टण्ण. वारा डोळ्यांत पाणी आणत होता, खाली राखाडी समुद्र होता आणि मी फक्त ऐकत होते. एकदा मी मान हलवली नाही. त्यानं पुन्हा मारून पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, मग खडूनं फुली मारली. माथ्यावर पोचेपर्यंत चार फुल्या झाल्या, चारही सोमवारच्या भागात. चौथीला त्याचा खडू मोडला.

उतरताना मी मनात वाक्य जुळवत होते. सांगावं तर लागणारच होतं. दुखणार नाही असं कसं सांगायचं?

ऑफिसात डोरीन नेलला खांद्यावर घेऊन डुलत होती. नेल झोपली होती.

“झालं ऐकून, विल्फ?” ती हळूच म्हणाली. “सही तेवढी कर.”

डॅड माझ्याकडे वळला. डोरीननं काय विचारलं ते मी त्याला सांगितलं.

“मी नाही ऐकलं, डोरीन,” तो म्हणाला. “हिनं ऐकलं. दुसरा माणूस बघ. मला आता ऐकू येत नाही.”

डोरीन माझ्याकडे बघत राहिली. मग किटलीकडे गेली.

“चहा घेणार का, विल्फ?” तिनं विचारलं. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, म्हाताऱ्यांशी बोलतात तसं. नेल दचकून जागी झाली.

“घेईन,” डॅड म्हणाला. त्यानं टोपी काढली आणि इतकी वर्षं ज्या खुर्चीत तो पाय पसरून बसायचा, तिच्या कडेवर पाहुण्यासारखा बसला.