हरवलेले एकवीस मीटर

उंची चौतीस.
नळातलं घर्षण बारा.
वाकणं, व्हॉल्व, एक.
बेरीज सत्तेचाळीस मीटर. एवढं हेड. म्हणजे पंपाने पाण्याला इतकं उंच ढकलायची ताकद ठेवायची.

सेकंदाला तीन लिटर, सत्तेचाळीस मीटर, पंपाची कार्यक्षमता पंचावन्न टक्के: अडीच किलोवॅट. साडेतीन हॉर्सपॉवरच्या आतच. इंजिनिअर संघप्रिया खोब्रागडेने पाचचा पंप बसवला होता. नाल्याकाठची विहीर ते वरच्या टोल्याची, म्हणजे वस्तीची, टाकी, नऊशे मीटर काळा पाइप. आज टाकीच्या सावलीत बसून तिने हिशोब पुन्हा केला. पुन्हा बरोबर आला.

टाकीत पडणारी धार करंगळीएवढी.

"धार नाई म्हणाव तिले," पंप चालवणारा मुखरूभाऊ म्हणाला. "बुढ्या माणसासारखी होऊन राह्यली. थांबून थांबून."

तिच्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन सकाळीच येऊन गेला होता. शुक्रवारपर्यंत टाकी भरली नाही तर पंप काढायचा. मूल तालुक्यातली गावं त्याची वाट पाहत होती. साहेब ओरडले नाहीत. तेही थकलेले होते. "मॅडम, चालत नसलेली योजना मी किती दिवस चालू दाखवू?"

आज बुधवार.

पंप गेला तर टोल्यातल्या बाया पुन्हा नाल्यावर. चौतीस मीटर. डोक्यावर. त्यात घर्षण धरलेलं नाही.

*

ती मुखरूबरोबर खाली पंपाजवळ गेली. दाबाचं घड्याळ साडेपाच किलो दाखवत होतं. म्हणजे पंचावन्न मीटर. पंप आपलं काम पूर्ण करत होता.

पंचावन्न उणे चौतीस. एकवीस.

एकवीस मीटर मधेच कुठेतरी गायब. घर्षणाच्या नावावर टाकता येईना. घर्षण वाहत्या पाण्यालाच लागतं, आणि पाणी जितकं जोरात तितकं जास्त. करंगळीएवढी धार नळाला घासत नाही म्हटलं तरी चालेल. जो धड चालतच नाही त्याला कसली घसट.

(हे तिला स्वतःबद्दलही खरं वाटलं. पण उन्हात काहीही खरं वाटतं.)

"फुटला असंन का कुठी?" तिने विचारलं.

"पाहून आलो ना बाई. दोनदा. कुठी ओलं नाई."

"मंग एकवीस मीटर गेले कुठी, भाऊ?"

"मले काय इचारता? मी तं बटन दाबतो."

*

दोघं लाइनीने चालत वर. नकाशात ही सरळ रेघ होती. ती रेघ तिनेच मारली होती. खोदकाम टोल्याच्या लोकांनी केलं, ती तेव्हा दुसऱ्या तीन गावांच्या टाक्यांवर होती आणि एकदाच येऊन दोन्ही टोकं पाहून गेली होती. चैत लागला होता. मोहाच्या झाडांखालचा पाला फुलं वेचायला जाळून जमीन काळी केलेली, तिच्यावर फुलं. वास गोड, जड, डोकं धरणारा.

एका झाडाशी मातीचा उंचवटा होता. वारूळ असावं. ती त्यावर टेकली.

"उठा बाई," टोपलं घेऊन आलेली चंदा म्हणाली. ती मुखरूची वहिनी. "पाइपावर बसल्या तुमी."

"पाइप तीन फूट खाली आहे."

"खालीच आहे. इथी वर आहे."

"काऊन?"

चंदाने मुखरूकडे पाहिलं. मुखरूने झाडाकडे.

"मोह आहे ना," तो म्हणाला. "मुळाले कुदळ नाई लावत आमी. खड्डा मुळापर्यंत आणला, पाइप मुळावरून घेतला, पुढं पुन्हा खाली. पाला जाळतो, त्यात पाइप जळंन म्हणून माती टाकली."

"असे किती मोह?"

"लाइनीत? एकोणीस."

"मले सांगितलं काऊन नाई?"

"तुमच्या नकाशात मोह कुठी होते? आमाले वाटलं, तुमाले नको आहेत तं कशाले दाखवाव."

संघप्रिया उठली नाही. तीन फूट वर, मुळावरून, पुन्हा तीन फूट खाली. प्रत्येक कुबडात हवा अडकलेली. पाणी वर चढतं, हवेपाशी थांबतं, हवेखालून झिरपत उतरतं, आणि उतरताना मिळायची ती उंची परत मिळत नाही. एका मोहाला मीटरभर, वर थोडं.

एकोणीस मोह.

एकवीस मीटर.

तिला हसू आलं, पण ते बाहेर येईपर्यंत विरलं.

*

फोनवर साहेब: "मुळं तोडून सरळ करा. एका दिवसाचं काम."

"लोक नाही तोडणार, सर."

"मग?"

"प्रत्येक उंचवट्यावर तोटी बसवते. पंप सुरू झाला की हवा सोडायची, पाणी आलं की बंद."

"वीज दिवसातून चारदा जाते तिथे. दर वेळी हवा भरणार. एकोणीस तोट्या कोण उघडणार, तुम्ही?"

तिने फोन खाली धरला आणि प्रश्न तसाच चंदाला विचारला.

"ज्याचा मोह, त्याची तोटी," चंदा म्हणाली. फुलं वेचायची थांबली नाही. "झाडापाशी तं आमी राहतोच."

"हंगाम संपल्यावर?"

"मंग पाणी पाह्यजे का नाई, तेवढ्यासाठी येऊ. नाल्यापेक्षा जवळच आहे."

*

गुरुवार. गोंडपिपरीहून पाइपावर कसायचे पट्टे आणि अर्ध्या इंची तोट्या. माती उकरली, भोकं पाडली. मग पंप सुरू.

पहिला मोह: फुस्स. बराच वेळ फुस्स. मग थुंकल्यासारखं पाणी. बंद.

दुसरा.

तिसरा, चंदाचा. "किती वारा भरला होता वं याच्यात," ती म्हणाली. "मुखरूभाऊसारखा."

"ऐकून राह्यलो मी."

अकराव्याला वीज गेली. आली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. बाया आपापल्या झाडाकडे परत गेल्या.

एकोणिसाव्यापाशी कोणी नव्हतं. तो लच्छूचा मोह, आणि लच्छूच्या घरचे सगळे मिरची तोडायला तेलंगणात गेलेले. त्याखालची फुलं तशीच सुकत पडली होती; दुसऱ्याच्या मोहाची फुलं कोणी उचलत नाही. तोटीलाही कोणी हात लावला नव्हता.

"उघडा ना," संघप्रिया मुखरूला म्हणाली.

"माहा मोह नाई, बाई."

तिने स्वतः उघडली. हवा तिच्या मनगटावर आली, गार. मग पाणी. तिने बंद केली, आणि वर टाकीत काहीतरी जाड, सलग कोसळायला लागलं.

तिन्हीसांजेला टाकी भरून पाणी बाहेर सांडलं. तिने फोटो पाठवला. साहेबांचं उत्तर आलं: ठीक. पंप राहू द्या.

मग वीज गेली.

"लच्छू कधी येते?" तिने विचारलं.

"पाऊस लागला की."

तोवर ती तोटी कोणी उघडायची, एवढंच ठरायचं होतं. चंदाने टोपलं उचललं आणि लच्छूच्या मोहाखाली, फुलांवर पाय न देता, संघप्रियाला बसायला जागा झाडून दिली.