पंख्याच्या नावाने पाण्याचे ठोके

मावशी अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, आणि तिच्या कॉम्प्युटरचा पंखा तिच्यावर वरताण बोलायचा. त्या घरघरीपायी दोन पुस्तकं परत आली होती. तिसरंही आलं, तर काम हातचं जाणार होतं.

तिच्या भाचीने, दुरुस्तीच्या दुकानातल्या चिमीने, पंखाच काढून टाकला आणि गारव्यासाठी पाण्याच्या नळ्या बसवल्या. पण कॉम्प्युटर हट्टाला पेटला. पंखा फिरल्याचे ठोके तारेतून आले नाहीत, की तो बंद! चिमीने शक्कल लढवली. एक चिप लावली, ती अष्टौप्रहर ‘पंखा फिरतोय’ असे ठोके देत राहील. कॉम्प्युटर मुकाट्याने सुरू झाला आणि चिमीला आकाश ठेंगणं झालं.

दुकान तिच्या बाबांचं. त्यांनी नळी चिमटीत दाबली. पाणी थांबलं. पडद्यावरच्या आकड्यांत पंखा मात्र जोरात फिरत होता.

"नसलेला पंखा गरगरतोय, आणि आत तुझ्या मावशीचं पुस्तक भाजून निघतंय," बाबा म्हणाले.

"बाबा, परवा द्यायचंय तिला पुस्तक!"

"मग आज नीट कर."

चिमीला भयंकर राग आला. बाबांचं खरं होतं, म्हणून तर जास्तच आला.

पाण्याच्या वाटेत एक सेन्सर होताच: इवलंसं चाक, पाण्याने फिरणारं, फिरताना ठोके देणारं. पण ते ठोके इतके थोडे, की कॉम्प्युटरला वाटे, पंखा शेवटच्या घटका मोजतोय. चिमीने चिपला नवा धडा दिला. चाकाचा एक ठोका आला, की तू पुढे चार द्यायचे. तिकडून काही आलं नाही, तर तूही गप्प बसायचं. मग तिने स्वतःच नळी दाबली. कॉम्प्युटर पटकन बंद पडला. बंद पडल्याचा आनंद त्या दुकानात पहिल्यांदाच झाला असेल.

दोन दिवसांनी मावशीचा फोन आला. "अगं, वाचता वाचता बंदच पडला मेला!"

चिमी म्हणाली, "नळी बघ आधी."

"थांब हं... अगंबाई, खुर्चीचा पाय आलाय तिच्यावर."

"खुर्ची सरकव. आता चालू कर."

बाबाही हातातलं काम सोडून फोनला कान लावून उभे राहिले.

"सगळं आहे गं!" मावशी ओरडली. "शेवटचं वाक्य तेवढं गेलं. परत वाचते. ठेव फोन, तासाभरात पाठवायचंय पुस्तक."

चिमीने फोन ठेवला आणि बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून चक्क रडली.